एच-इंडेक्स आठ म्हणजे नेमके किती?

मागच्या अंकात साथरोगशास्त्रातल्या संशोधनाविषयी प्रश्न मागवले होते. बडोद्याहून आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख सायटेशनवर आहे. आपला पेपर इतर संशोधकांनी त्यांच्या पेपरांत संदर्भ म्हणून किती वेळा घेतला, त्या मोजणीला सायटेशन म्हणतात. एकाच धर्तीचे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मुलगी बडोदा मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झाली. दवाखाना नको, साथरोगशास्त्रात संशोधन करायचे म्हणते. घरात सगळे विचारतात, पेशंट नाहीत तर डॉक्टर कसली? या वाटेने गेली तर हाती काय लागेल आणि कधी? (एक आई, मांजलपूर)

पेशंट असतात, पण ते एकेकटे समोर येऊन बसत नाहीत. सबंध वॉर्ड किंवा सबंध तालुका हाच तिचा पेशंट. वाटा मुख्यतः दोन. पहिली, नीट-पीजी देऊन एम.डी. कम्युनिटी मेडिसिन. जुनी मंडळी याला अजून पीएसएम (प्रिव्हेन्टिव्ह अँड सोशल मेडिसिन) म्हणतात. मुदत तीन वर्षे. मेडिकल कॉलेजात शिकवायचे मनात असेल तर हीच वाट धरावी. दुसरी, एम.पी.एच. म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, साधारण दोन वर्षे. घराजवळ गांधीनगरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक हेल्थ आहे. त्रिवेंद्रमचे अच्युत मेनन केंद्र आणि चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था या दोन्ही ठिकाणी काम पक्के शिकवतात. साथ लागली की बॅग उचलून जाण्याची हौस असेल, तर दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचा एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस हा दोन वर्षांचा कार्यक्रम 2012 पासून चालू आहे, त्याच्या पात्रता अटी पाहा. पीएच.डी. त्यानंतर. घाई नको.

'कधी'चे उत्तर घरच्यांना आधीच सांगून ठेवा. या शास्त्रात माणसांच्या मागे वर्षानुवर्षे राहावे लागते. डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी तिथल्या डॉक्टरांना धूम्रपानाविषयी प्रश्नपत्रिका पाठवल्या 1951 मध्ये. पहिला निष्कर्ष 1954 मध्ये आला, आणि 34,439 पुरुष डॉक्टरांचा पन्नास वर्षांचा हिशेब छापून आला 2004 मध्ये. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावात हृदयरोगाच्या अभ्यासासाठी 1948 मध्ये 5,209 माणसांची नोंद घ्यायला सुरुवात झाली आणि ते काम पुढच्या पिढ्यांपर्यंत चालू राहिले. पाच वर्षांनंतर मुलीच्या नावावर चारपाच पेपर आणि वीसपंचवीस सायटेशन दिसली, तर ती मागे पडली असे समजू नका. त्या पाच वर्षांत तिला प्रश्नपत्रिका गुजरातीत नीट उतरवता येते का, नमुना काढता येतो का, 'आर' किंवा फुकट मिळणारे 'एपि इन्फो' यांसारखे विश्लेषणाचे सॉफ्टवेअर हाताळता येते का, हे बघा. पुढचे सगळे त्यावर उभे राहते.

प्रश्न : मी संख्याशास्त्र शिकवीत असे. भाच्याच्या प्रोफाइलवर एच-इंडेक्स 8, आय-टेन 6 असे दिसते. हे आकडे काढतात कसे, आणि त्यांत खोट कुठे? (निवृत्त शिक्षक, दांडिया बाजार)

तुम्हाला हे कागदावरच दाखवतो. समजा, बारा पेपर आहेत. सायटेशनप्रमाणे उतरत्या क्रमाने लावले : 310, 96, 41, 22, 17, 11, 9, 8, 6, 3, 1, 0. आता वरून मोजत या. पहिल्याला निदान 1 आहे का, दुसऱ्याला निदान 2, तिसऱ्याला निदान 3. आठव्या पेपराला 8 आहेत, चालले. नवव्याला हवे होते 9, आहेत 6. तिथे थांबायचे. एच-इंडेक्स 8. निदान दहा सायटेशन असलेले पेपर सहा, म्हणून आय-टेन 6. ही दुसरी मोजणी गुगल स्कॉलरची, म्हणजे गुगलच्या पेपर शोधायच्या सेवेची आहे, इतरत्र फारशी कोणी विचारत नाही. एच-इंडेक्स ही कल्पना जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये मांडली.

खोट तुमच्या लगेच लक्षात येईल. एकूण सायटेशन 524, म्हणजे सरासरी जवळजवळ 44. पण मध्यक अवघा 10. अर्ध्याहून जास्त वजन एकट्या पहिल्या पेपराचे आहे, आणि एच-इंडेक्सला त्याची खबरच नाही. तिथे 310 ऐवजी 11 असते तरी उत्तर आठच आले असते. शिवाय हा आकडा कधी खाली येत नाही. माणसाने दहा वर्षांपूर्वी काम सोडले तरी तो वाढत राहू शकतो. त्यामुळे पन्नाशीतल्या प्राध्यापकाशी तिशीतल्या मुलाची तुलना करणे अन्यायाचे. हिर्श यांनी स्वतःच यावर तोड सुचवली होती. पहिल्या पेपरापासून झालेल्या वर्षांनी एच-इंडेक्सला भागायचे. भाच्याचा पहिला पेपर आठ वर्षांपूर्वीचा असेल तर भागाकार 1.

आणखी एक, आणि यात फसगत फार होते. आकडा कुठून घेतला ते लिहून ठेवा. गुगल स्कॉलर प्रबंध, अहवाल, प्रीप्रिंट (तज्ज्ञांनी तपासण्याआधीच खुले केलेले मसुदे), वेबवरचे बरेच काही मोजते. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या संशोधनाच्या सूची मुख्यतः निवडक जर्नले मोजतात. एकाच माणसाचे तीन ठिकाणी तीन आकडे दिसतात आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. एकाचा स्कॉलरवरचा आकडा दुसऱ्याच्या स्कोपसवरच्या आकड्याशेजारी ठेवला, तर तुलनेला अर्थ उरत नाही. निवड समितीपुढे जाणाऱ्या अर्जांत ही चूक दिसली तर दुरुस्त करून घेणे हे समितीचे काम आहे.

प्रश्न : जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर मोठा, म्हणजे त्यातला पेपर मोठा ना? (राजमहाल रोड)

नाही. इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो, पेपराचा नाही. एखाद्या जर्नलने 2022 मध्ये 80 आणि 2023 मध्ये 70 लेख छापले. त्या दीडशे लेखांना 2024 या एका वर्षात 225 सायटेशन मिळाली. 225 भागिले 150, म्हणजे 1.5, हा त्याचा 2024 चा इम्पॅक्ट फॅक्टर. त्या दीडशेतले पाचदहा लेखच बहुतेक सायटेशन ओढून आणतात, बाकीचे त्यांच्या सावलीत बसतात. नेमणुका आणि बढत्या या आकड्यावरून करू नयेत, असे संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने 2013 मध्येच स्पष्ट म्हटले आहे.

प्रश्न : एका तरुण साथरोगतज्ज्ञाच्या नावावर पाच वर्षांत हजारो सायटेशन आहेत. आमच्या विभागात आयुष्य घालवलेल्या सरांच्या नावावर त्याच्या दशांशही नाहीत. हे कसे? (रेसिडेंट डॉक्टर, कारेलीबाग)

निष्कर्ष काढण्याआधी पेपरांची यादी उघडा आणि लेखक मोजा. 'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज' सारख्या जागतिक अंदाजांच्या पेपरांवर शेकडो, कधी हजारावर लेखक असतात. सायटेशन मात्र प्रत्येकाच्या खात्यात पूर्ण जमा होते. 600 लेखकांच्या पेपराला 3,000 सायटेशन मिळाली तर वाटणीला येतात पाच, पण प्रोफाइलवर दिसतात तीन हजार. यात लबाडी नाही. त्यांनी आपल्या देशाची आकडेवारी पुरवली असेल, मसुदा तपासला असेल. पण तो आकडा एकट्याच्या कर्तबगारीचा म्हणून वाचला तर चूक वाचणाऱ्याची.

पुढची पायरी : तो पहिला लेखक, शेवटचा लेखक किंवा पत्रव्यवहाराचा लेखक आहे, तेवढेच पेपर वेगळे काढा आणि एच-इंडेक्स पुन्हा मोजा. दहा मिनिटांचे काम आहे आणि चित्र पुष्कळदा पालटते. पेपराच्या शेवटी कोणी काय केले ते दिलेले असते, तेही वाचा. अनेक जर्नले आता चौदा भूमिकांच्या ठरलेल्या यादीतून ते लिहून घेतात : कल्पना, पद्धत, क्षेत्रीय काम, विश्लेषण, पहिला मसुदा वगैरे. पाच पेपरांत सलग 'मसुदा तपासला' एवढेच दिसले, तर काय समजायचे ते तुम्ही जाणता.

कोणत्या जातीचा पेपर आहे, यानेही फार फरक पडतो. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या) 'इंडियाब' या मधुमेहाच्या अभ्यासात 1,13,043 माणसे तपासली गेली आणि भारतात 10.1 कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेहावर पेपर लिहायला घेतलेल्या माणसाला पहिल्याच वाक्यात हा आकडा लागतो, म्हणून सायटेशन धो धो येतात. निरीक्षणात्मक अभ्यास कसा लिहावा याची 22 कलमांची 'स्ट्रोब' यादी 2007 पासून अशीच वापरात आहे. उलट डभोई तालुक्यातल्या एखाद्या गावात कावीळ का पसरली, पिण्याच्या पाण्याच्या नळात गटार कुठे मिसळत होते, हे शोधून काढणाऱ्या अहवालाला दोनच सायटेशन मिळतील. तो अहवाल वाचून नळ दुरुस्त झाला असेल तर त्याचे काम झाले. तुमच्या सरांचे काम या जातीचे असण्याचा संभव आहे. त्यांच्या साथीच्या तपासण्यांचे जुने अहवाल विभागाच्या कपाटात असतील. काढून वाचा, आणि जमले तर त्यांच्याबरोबर बसून छापण्याजोगे करा.

सायटेशन म्हणजे शाबासकी नव्हे, हेही ध्यानात असू द्या. लसीचा संबंध ऑटिझमशी जोडणारा बारा मुलांवरचा 1998 चा पेपर लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलने 2010 मध्ये मागे घेतला. त्याला सायटेशन भरपूर आहेत, आणि त्यांतली कितीतरी त्याच्यावर टीका करणारी आहेत. मोजणी करणाऱ्या यंत्राला तो फरक कळत नाही.

सायटेशन आणि लोकांना झालेला उपयोग, या दोन्ही पारड्यांत जड अशी कामे थोडी असतात. आपल्या मराठी वाचकांना गडचिरोलीचे उदाहरण ठाऊक असायला हवे. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली आणि 47 गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी खाली आलेला होता. लॅन्सेटमधला 1999 चा तो पेपर जगभर संदर्भाला घेतला जातो. पण त्याचा खरा ठसा आशाताईंच्या वहीत आहे. 2011 पासून देशभर आशा कार्यकर्ती बाळंतपणानंतर घरी जाते : दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी, घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. बाळाचे वजन घेते, ताप पाहते, अंगावर घेताना बाळ नीट ओढते का ते बघते. मांजलपूरच्या बाळाकडे ती जाते तेव्हा कोणत्याही स्कोपसमध्ये एकाने भर पडत नाही.

समितीला एकच आकडा हवा असेल तर स्कोपसचा विषयनिहाय भारित आकडा (फील्ड-वेटेड सायटेशन इम्पॅक्ट) द्या. त्याच वर्षीच्या, त्याच विषयाच्या, त्याच प्रकारच्या लेखांशी तुलना करून तो काढतात. जगाची सरासरी 1.00 धरलेली असते. थोडे पेपर असतील तर मात्र एकाच मोठ्या सामूहिक पेपराने तोही फुगतो.

प्रश्न : थिसिसवरून लिहिलेला पेपर दोन जर्नलांनी परत पाठवला. 'नमुना अपुरा', 'विश्लेषण अयोग्य' एवढेच लिहितात. वडोदरा जिल्ह्यातल्या गावांत रक्तदाबाचे सर्वेक्षण केले होते. (एम.डी. विद्यार्थिनी, फतेहगंज)

तुमचे कागद पाहिले नाहीत, पण असे पेपर ज्या ठिकाणी अडखळतात त्या जागा ठरलेल्या आहेत. एकेक ताडून पाहा.

नमुना. अपेक्षित प्रमाण 20 टक्के आणि चूक 5 टक्क्यांच्या आत हवी, तर 1.96 चा वर्ग गुणिले 0.2 गुणिले 0.8, भागिले 0.05 चा वर्ग. उत्तर 246. बहुतेक विद्यार्थी इथेच थांबतात. पण तुम्ही गावे निवडून मग गावातली घरे घेतली असतील, तर एका गावातली माणसे एकमेकांसारखी असतात. म्हणून डिझाइन इफेक्ट धरावा लागतो. तो 2 धरला तर 492. दहा टक्के लोक घरी भेटणार नाहीत किंवा नको म्हणतील असे धरले तर 492 भागिले 0.9, म्हणजे 547. दोनअडीचशेवर सर्वेक्षण थांबवले असेल तर परीक्षकाचे म्हणणे बरोबर आहे, आणि आता ते भरून निघणार नाही. मर्यादा म्हणून स्वच्छ लिहा, कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा ज्या टप्प्यात असावा तो टप्पा) गावांचे गट लक्षात घेऊन पुन्हा काढा.

विश्लेषण. ऑड्स रेशो म्हणजे रोग असणारे भागिले नसणारे, हे दोन गटांतले गुणोत्तर. रक्तदाबासारखी वारंवार आढळणारी गोष्ट असेल तर तो फुगतो. एका गटात 40 टक्के आणि दुसऱ्यात 20 टक्के असतील तर प्रमाण दुप्पट आहे, पण ऑड्स रेशो येतो 2.67. तो 'पावणेतीनपट धोका' म्हणून लिहिला की जाणकार परीक्षक पेपर बाजूला ठेवतो. प्रिव्हेलन्स रेशो काढा, म्हणजे सरळ 40 भागिले 20.

आणि एक गोष्ट परीक्षकाला सांगावी लागण्याआधी स्वतः पाहा. सगळ्या वरच्या रक्तदाबांचा शेवटचा अंक मोजा. हाताने फुगवायच्या यंत्राची पट्टी दोनदोनने चढते, म्हणून 0, 2, 4, 6, 8 हे अंक प्रत्येकी साधारण वीस टक्के यायला हवेत. शून्य साठ टक्के आले तर मोजणारा मनाने गोल करत होता. 138 चे 140 झाले की निरोगी माणूस रोगी ठरतो, आणि तुमचा सगळा निष्कर्ष 140 या रेषेवरच टेकलेला आहे. दोन मोजणारे असतील तर दोघांचे आकडे वेगवेगळे काढा. दोष एकाचाच निघतो, असेही होते.

एथिक्स समितीच्या मंजुरीची तारीख पहिल्या माणसाच्या नोंदीआधीची आहे ना, तेही बघून ठेवा. पुढे कधी औषधाची किंवा उपायाची चाचणी कराल, तर पहिला माणूस घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे अशा चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत, नोंद हवी. एप्रिल 2018 पासून ती नंतर करता येत नाही.

प्रश्न : पेपरावर पहिले नाव कोणाचे? ज्यांनी काहीच केले नाही त्यांची नावेही घालायला सांगतात. (नाव-गाव न देण्याच्या अटीवर)

वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीची चार कलमे आहेत आणि चारही लागू व्हायला हवीत : कल्पना, माहिती किंवा विश्लेषण यात खरा वाटा, मसुदा लिहिणे किंवा त्यात आशयाची दुरुस्ती, छापण्याआधी शेवटच्या मसुद्याला संमती, आणि पेपरातल्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी. निधी आणून देणे किंवा विभागप्रमुख असणे एवढ्यावर लेखक होता येत नाही. त्यांचे आभार मानावेत.

भांडण शेवटी होते, कारण बोलणे सुरुवातीला झालेले नसते. प्रोटोकॉल लिहितानाच एका पानावर लेखकांची नावे, क्रम आणि प्रत्येकाचे काम लिहून सर्वांना ईमेल करा. 'सर, आपण मसुद्याचा चर्चेचा भाग तपासून द्याल का?' असे विचारले की ज्यांना काम करायचे आहे ते करतात, आणि मग त्यांचे नाव हक्काने येते.

प्रश्न : लग्नानंतर आडनाव बदलले. माझे निम्मे पेपर स्कोपसवर दिसतच नाहीत. (वाडी)

ते आहेत, दुसऱ्या नावाखाली. आपल्याकडे हा घोळ दुहेरी आहे. मधले नाव आधी वडिलांचे, मग नवऱ्याचे, आणि आडनाव रोमन लिपीत लिहिण्याच्या तऱ्हा अनेक. गायकवाड हे बडोद्यातलेच आडनाव घ्या, निदान दोन प्रकारे लिहिलेले सापडते. आजच ऑर्किड (ORCID) हा संशोधकाची ओळख सांगणारा क्रमांक काढा. फुकट आहे, सोळा अंकी आहे, शेवटच्या जागी कधी एक्स असतो. त्यात दोन्ही नावे नोंदवा आणि यापुढे पेपर पाठवताना तो क्रमांक द्या. मग स्कोपसवर आपली दोन्ही खाती शोधून ती एकत्र करण्याची विनंती भरा. गुगल स्कॉलरवर नवे लेख आपोआप जोडण्याची सोय बंद करून 'आधी ईमेलने विचारा' हा पर्याय निवडा, नाहीतर दुसऱ्या कोणा जोशी-पाटलांची सायटेशन तुमच्या खात्यात येऊन बसतात. चूक तुमची नसली तरी खुलासा तुम्हालाच करावा लागतो.

प्रश्न : '72 तासांत प्रसिद्धी, इम्पॅक्ट फॅक्टर 7' असा ईमेल आला आहे. पैसे भरू का? (अलकापुरी)

भरू नका. दोन जाणकारांनी पेपर वाचून शेरे द्यायचे म्हटले तरी आठवडे जातात. इम्पॅक्ट फॅक्टर अधिकृतपणे काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीच्या यादीत आहे का ते बघा. 'ग्लोबल', 'युनिव्हर्सल' असले शब्द लावलेले फॅक्टर त्यात नसतात. 'पबमेडमध्ये आहे' (पबमेड म्हणजे वैद्यकीय पेपर शोधायचे संकेतस्थळ) असे लिहिले असेल तर मेडलाइन या निवडक जर्नलांच्या सूचीत आहे का ते वेगळे तपासा, या दोन गोष्टी एक नाहीत. आयएसएसएन हा नियतकालिकांचा नोंदणी क्रमांक सगळ्यांना मिळतो, तो दर्जाचा शिक्का नव्हे. जुन्या नावाजलेल्या जर्नलाच्या नावाची हुबेहूब नक्कल केलेली संकेतस्थळेही असतात, म्हणून पत्ता ईमेलमधून न उघडता डीओएजे (खुल्या जर्नलांची सूची) किंवा स्कोपसच्या यादीतून उघडा. यूजीसीची मान्य जर्नलांची केअर यादी 2025 मध्ये बंद झाली, तिचा हवाला कोणी देत असेल तर ती जुनी गोष्ट आहे.

पेपर आधीच पाठवून बसला असाल तर लेखी मागे घ्या आणि उत्तर येईपर्यंत दुसरीकडे पाठवू नका. स्वामित्वहक्काच्या (कॉपीराइटच्या) फॉर्मवर सही करू नका. तिथे एकदा छापला गेला की चांगले जर्नल तो घेत नाही, आणि गावोगाव फिरून गोळा केलेली माहिती वाया जाते.

प्रश्न : पेपर वाचायलाच मिळत नाहीत, प्रत्येक ठिकाणी डॉलर मागतात. (बी.एस्सी. विद्यार्थी)

महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी असाल तर तिथल्या हंसा मेहता ग्रंथालयात जाऊन 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या सरकारी योजनेविषयी विचारा. जानेवारी 2025 पासून सरकारी संस्थांसाठी 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 जर्नले त्यातून खुली आहेत, आणि कारभार गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे आहे. बाहेरचे असाल तर आधी फुकट पेपरांचे पबमेड सेंट्रल आणि प्रीप्रिंटचे मेडआर्काइव्ह पाहा, भारतीय प्रबंधांसाठी शोधगंगा. तरीही नाही मिळाला तर पत्रव्यवहाराच्या लेखकाला दोन ओळींचा ईमेल करा, पेपराचे पूर्ण नाव आणि आपण कशासाठी वाचता आहात एवढे लिहा. बहुतेक जण प्रत पाठवतात.